तापीबाईंचं खापर

"हाई खापर तू लई जाय, पोरी," असं म्हणून तापीबाईंनी फळीवरचं जुनं काळंभोर खापर पदराने पुसलं आणि धाकट्या सुनेच्या, सीमाच्या, मांडीवर ठेवलं. तिच्यासाठी कुरडया बांधत बसलेल्या दामिनीचे, थोरल्या सुनेचे, हात जागच्या जागी थिजले...

सारंगखेड्याच्या या घरात दामिनी नवी नवरी म्हणून आली, तेव्हा याच खापरासमोर बसली होती. चुलीवर हे मातीचं भांडं उपडं घालायचं, पुरण भरलेला मांडा हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि अलगद त्यावर सोडायचा. अक्षय्यतृतीयेच्या किती आखाज्या, किती लग्नं, किती पंगती! तिच्या मनगटांवरचे चटके कधी पुरते गेलेच नव्हते. आणि सीमा? सुरतेत वाढलेली, धड पोळीही गोल न लाटणारी, दीर हेमकांतबरोबर परदेशात लेस्टरला राहणारी, वर्षातून एकदा पाहुणीसारखी येणारी... तिला ते खापर! दामिनीचं काळीज करपून गेलं. पण ती मोठी होती. तिने स्वतःच्या हाताने ते खापर गोधडीत गुंडाळून सीमाच्या बॅगेत नीट बसवलं.

सीमाने ते हौसेने मागितलं होतं, हे मात्र खरं. लेस्टरमधल्या गुजराती शेजारणींनी तिला विचारलं होतं, तू कुठली गं? सुरतेची म्हणावं तर सासर महाराष्ट्रात, आणि घरात बोलतात ती गुजर समाजाची बोली त्यांना धड कळेना. मराठी मंडळात गेली, तर तिथल्या बायकांना तिची मराठी कळेना. एकदा तिने ढोकळा नेला, तर तो गुजरात्यांचा निघाला, पुरणपोळी नेली, तर ती मराठी मंडळाची. मग आपलं काय? तापीकाठच्या गुजरांचं स्वतःचं असं काय? त्या प्रश्नाने ती बिचारी तिकडच्या थंडीत रात्र रात्र जागली होती म्हणे. आणि शेवटी तिला आठवला होता तो दामिनीच्या हातचा मांडा.

पण हे सगळं ऐकूनही दामिनीच्या मनातली आग थोडीच विझणार होती!

पुढे महिन्याभरातच मोबाइलवर सीमाचा व्हिडिओ आला. लेस्टरच्या कुठल्याशा हॉलमध्ये गॅसवर खापर उपडं घातलेलं, भोवती गोऱ्या-सावळ्या बायकांची गर्दी, आणि सीमा अभिमानाने सांगतेय, "हे आमच्या सासूबाईंचं खापर." सारं गाव तो व्हिडिओ बघत सुटलं. शेजारची फुलवंताबाई तर मुद्दाम फोन घेऊन आली आणि दामिनीला म्हणाली, तुझ्या जावेने नाव काढलं बघ. दामिनी हसली, चहा केला, आणि ती गेल्यावर भांडी अशी काही घासली की एका पातेल्याला पोचा आला. भावेशने, तिच्या नवऱ्याने, बाजारातून नवं खापर आणून दिलं होतं. ते तांबडं, कोरं खापर पाहिलं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. घरात मांडे होत राहिले, माणसं जेवत राहिली, आणि तिचं मन मात्र लेस्टरमध्ये घिरट्या घालत राहिलं.

मग पुढच्या वर्षीची आखाजी जवळ आली असताना एके दिवशी सीमाचा रडवेला फोन आला. मांड्यांना साबणाचा वास येतो, काही केल्या जात नाही. झालं असं होतं, की मदत करायची म्हणून हेमकांतने भांड्यांच्या ढिगात खापरही साबणाने खळाखळा धुऊन टाकलं होतं! सारंगखेड्यात असेपर्यंत ज्याने पाण्याचा पेलाही विसळला नाही, त्याला कसं ठाऊक असणार, की खापर कधी धूत नाहीत, नुसतं पुसतात? मातीने साबण पिऊन घेतला होता.

दामिनीला उपाय माहीत होता. तिच्या जिभेवर आला होता... आणि तिने तो गिळला. नवरा भांडी घासून देतो, तर भोग म्हणावं! बघू, असं म्हणून तिने फोन ठेवला, आणि त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं. नंतर मात्र तिने दोनदा फोन उचलला आणि तसाच खाली ठेवला.

आखाजीची सकाळ उजाडली. पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरून झाली. दामिनी मांड्यांना बसली, पहिला मांडा खापरावरून उतरवला, तोच तापीबाई सहज म्हणाल्या, सीमाचं तिकडे काय झालं असेल गं? आणि वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं.

"मन्हं काय कमी पडनं, माय?" तिचा आवाज फाटला. "इतला वरीस तुमना चुलापुढे मी हात जाळात... आनि खापर तिले?"

 तापीबाई हळूच तिच्याजवळ येऊन बसल्या.

"अव, जुनं खापर मांडा चिकटू देत नही. जिले हात नही, तिले ते सांभाळी लेस. तुले कसाले लागस? सालभर नवा खापरवर करी ऱ्हायनी तू... एक तरी मांडा चिकटना का?"

दामिनीने समोर पाहिलं. कोऱ्या खापरावर पहिली दोन-तीन वर्षं भल्याभल्यांचे मांडे फाटतात. तिचा एकही फाटला नव्हता, आणि रागाच्या भरात हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"तू आठे, या घरमा शे म्हनीसन मी ते देई टाकं," तापीबाईंचे डोळे भरून आले. "हाई तुले तवयच सांगाले पाहिजे व्हतं. चुकनू मी."

सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून दामिनी हमसून हमसून रडली. मग पिठाचे हात तसेच पदराला पुसून तिने सीमाला व्हिडिओ कॉल लावला. लेस्टरमध्ये नुकतं उजाडत होतं. साध्या पाण्यात खापर बुडवून ठेव, पाणी बदलत राहा, वास गेला की उन्हात खडखडीत वाळव, मंद आचेवर कोंडा भाज त्याच्यावर आणि मग तेलात बुडवलेला कांदा फिरव, असं तिने सगळं एका दमात सांगितलं.

"ताई," सीमा अडखळत म्हणाली, "मले वाटनं, तुम्ही मन्हावर रागे शेत."

"व्हतू," दामिनी म्हणाली. "आते नही."

 सीमा मुसमुसत म्हणाली, आज इकडे आमच्या घरी मांडा होणार नाही, पितर उपाशी राहतील. दामिनीने तिला फोन ठेवू दिला नाही. तो तापीबाईंच्या हातात दिला, चुलीतले निखारे पुढे ओढले, त्यांवर तूप सोडलं आणि पितरांच्या आगारीचा, अग्नीला द्यायचा, घास टाकला. दरवर्षी थोरली सून साऱ्या घराच्या नावाने एकच घास टाकते. आज तिने मांड्याचा आणखी एक तुकडा तोडला.

"हाऊ सीमाना घरना," ती म्हणाली, आणि तो निखाऱ्यांवर ठेवला.

तापीबाईंनी फोन उताणा धरला होता. सीमाला घराचं छत तेवढं दिसत होतं आणि तूप चरचरल्याचा आवाज येत होता. तेवढ्यावर ती तिकडे हात जोडून बसली होती.

"चाल, दुसरा मांडा टाक," तापीबाई दामिनीला म्हणाल्या. "तुन्हं खापर तापी गयं."