अर्ध्यावर थांबलेला हात

तो भेटला तेव्हा त्याची शिडी आमच्या जिन्यात आडवी पडली होती आणि मी तिच्यावर आपटले होते.

"लागलं का?"

"नाही, गुदगुल्या झाल्या. इंटरनेट कंपनीचे ना तुम्ही? चला वर."

"मॅडम, माझी तक्रार चौथ्या मजल्याची आहे…"

"आता तिसऱ्याचीही आहे."

तो आला. खांद्यावर वायरचं भेंडोळं, मनगटावर चिकटपट्टीचे तुकडे आणि आपली काहीही चूक नसल्यासारखं हसू. मला त्या हसण्याचाच राग आला.

माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. आम्ही दोघं मिळून एक साइट चालवतो. कुठलं औषध कसं घ्यायचं, फॉर्म कसा भरायचा, दवाखान्यात काय विचारायचं, हे तो खुणांच्या भाषेत सांगतो आणि मी शूट करते. चारशे व्हिडिओ झाले होते. सगळे फुकट.

"बघा," मी फोन त्याच्यापुढे धरला. पडद्यावर भावाचा हात उचलला गेला, आणि थिजला. चक्र फिरत राहिलं.

त्याने मीटर लावला, कंपनीचं चाचणीचं पान उघडलं. हिरवी खूण आली. "लाइन उत्तम आहे, मॅडम."

"पेपर तुमचा, परीक्षक तुमचा, पास होणारेही तुम्हीच! दुसरं काहीतरी उघडा ना."

त्याने एक सिनेमा लावला. धावला. खरेदीचं दुकान उघडलं, तेही धावलं. पुन्हा आमची साइट उघडली आणि भाऊ पुन्हा हात वर करून पुतळा झाला.

त्याचं हसू गेलं. खाली बघत म्हणाला, "वीस साइट्सचा पॅक निघालाय. त्यांनी कंपनीला पैसे भरलेत. त्या आधी जातात. बाकीच्या… मागे."

"म्हणजे रस्ता सगळ्यांचा, पण काहींच्याच गाड्या पुढे सोडायच्या?"

"मी फक्त वायर जोडतो, मॅडम."

"मग हे ऐका. खुणांमध्ये 'नको' शेवटी येतो. 'ही गोळी उपाशीपोटी घेऊ' इथपर्यंत व्हिडिओ चालला आणि थांबला. बघणाऱ्या बाईने घेतली. दोन दिवस पोट धरून पडली होती. तुमच्या सिनेमातली नटी अडकली तर कुणाचं पोट दुखत नाही."

तो शिडी उचलून चौथ्या मजल्यावर गेला. पण पुढच्या गुरुवारी ड्यूटी संपल्यावर आपणहून आला.

आम्ही मोजायला लागलो. तोच व्हिडिओ, तेवढाच जड, पॅकमधल्या एका साइटवर टाकला की दोन सेकंदांत सुरू. आमच्या साइटवर एकतीस. पुन्हा, तोच फोन, तीच वेळ. तो सेकंद मोजायचा, मी वहीत लिहायची.

"एकतीस सेकंद एवढे थोडे असतात हे मला आधी माहीत नव्हतं," एकदा तो म्हणाला.

"घड्याळाकडे बघा."

"घड्याळ तुमच्याच हातात आहे…"

भावाने मला खुणेने विचारलं, 'हा काय म्हणाला?' मी सांगितलं, 'नेट स्लो आहे म्हणाला.' भाऊ हसला. त्याला ऐकू येत नाही, पण माझे लाल झालेले कान दिसतात.

अकरा गुरुवार झाले. मग सरकारी समितीने या पॅकबद्दल जाहीर सुनावणी लावली आणि भावाने अर्ज केला. मी वही लाइनवाल्यापुढे सरकवली. "सही करा. मोजणी तुमची आहे."

त्याने पेन हातात घेतलं, ठेवलं. "माझी नोकरी जाईल."

"बिनसहीच्या मोजणीला कोण विचारतं?"

"तुमचं बरोबर आहे. पण घरी आई आहे, मॅडम…"

"माझ्या घरी भाऊ आहे," मी म्हणाले, आणि दार उघडून उभी राहिले. तो गेला. तीन गुरुवार आला नाही. भावाने ठरवून टाकलं होतं: सुनावणीत काही झालं नाही तर साइट बंद. अर्धवट सांगण्यापेक्षा न सांगितलेलं बरं.

सुनावणीला समितीने दुभाषी ठेवला नव्हता. ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांना कळलं नाही तरी चालतं, अशी यांची सोय. भाऊ आणि त्याचे नऊ मित्र पहिल्या रांगेत बसले, मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि हात चालवायला लागले. या कामाचा एकच नियम आहे. बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं, आणि एक शब्द गाळायचा नाही.

कंपनीचा वकील वही उडवत म्हणाला, "ही मोजणी कुणी केली? सहीच नाही!"

"मी केली." मागून आवाज आला. माझे हात आपोआप म्हणाले, 'मी केली.'

लाइनवाला पुढे आला. वहीवर सही केली. पानं फाटतील इतकी दाबून.

वकील हसला. "अर्जदाराच्या बहिणीशी तुमचा संबंध काय? खरं सांगा. काही असेल तर ही मोजणी केराच्या टोपलीत जाईल."

तो माझ्याकडे बघत नव्हता. अध्यक्षबाईंकडे बघत होता.

"माझं तिच्यावर प्रेम आहे," तो म्हणाला. "तिला सांगितलेलं नाही. पण सेकंद माझ्या प्रेमात नाहीत. ते कुणीही मोजावेत."

माझे हात हवेतच राहिले.

दहा जण माझ्याकडे बघत होते. भावाने खूण केली, 'ताई, तुलाही स्लो पॅक लावला का?' नऊ जण हसले. नियम तो नियम. मी छातीवर बोट ठेवलं आणि सगळ्यांसमोर, त्याच्या वतीने, त्याचं अख्खं वाक्य सांगितलं.

अध्यक्षबाई वकिलाला म्हणाल्या, "तुमचाच फोन काढा आणि यांची साइट उघडा." त्याने काढला. सगळं सभागृह त्या फिरत्या चक्राकडे बघत बसलं. तेहतिसाव्या सेकंदाला भावाचा हात हलला.

"निकाल महिन्याने," बाई म्हणाल्या. "तोवर पॅक थांबवा. मोजणी ठेवून घेतली आहे."

भावाने मला दाराकडे ढकललं. 'त्याचं तू सांगितलंस. तुझं मी सांगणार नाही.'

लाइनवाला व्हरांड्यात फोनवर आलेला निरोप वाचत होता. "उद्यापासून येऊ नका म्हणतात."

"आईला काय सांगणार?"

"सकाळीच सांगितलं. ती म्हणाली, जा, पण शर्ट इस्त्री करून जा."

"मघाशी मी जे हातांनी म्हणाले," मी म्हटलं, "ते तुझं वाक्य होतं. कामाचा नियम म्हणून म्हणाले."

"माहीत आहे…"

"आता माझं ऐक."

आणि मी म्हणाले. तोंडाने, मोठ्याने, व्हरांड्यातले चार वकील वळून बघतील इतक्या मोठ्याने.