मोडक्या भिंतीपाशी

शिंपीणबाईंनी आधी साफ नकार दिला होता. नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन जेमतेम वर्ष झालेलं, आणि हा गडी निघाला अख्खी डोंगररांग पायी पालथी घालायला! त्याचं काम लिफ्ट दुरुस्त करण्याचं. जन्मभर लोकांना वर पोचवलं, आपण कधी चढलो नाही, हे त्याच्या मनाने घेतलं होतं. डॉक्टरही हो म्हणाले. मग काय, आपलाच डॉक्टर फितूर झाल्यावर बाई काय करणार? त्यांनी आपलंही नाव नोंदवलं.

"तुम्ही पुढे चालायचं, मी मागे. नजरेआड व्हायचं नाही," त्यांनी बजावलं आणि त्याच्या रेनकोटच्या उजव्या खांद्यावर लाल कापडाचं ठिगळ शिवलं. धुक्यात आपलं माणूस चटकन ओळखू यावं म्हणून.

ऋतू वसंताचा, पण डोंगराला ते कुणी कळवलेलं नसावं. सकाळपासून वारा कानात शिरत होता. निघताना वाटाड्याने सगळ्यांना जवळ बोलावलं. कमी बोलणारा, रापलेल्या चेहऱ्याचा माणूस.

"धुकं उतरलं तर एकच नियम. प्रत्येक वळणावर थांबायचं. मागच्याचा हात खांद्यावर पडला की मगच निघायचं. असं केलं तर कुणी मागे राहत नाही." मग तो जरा अडखळला. "फक्त मोडक्या भिंतीच्या वळणावर कुणी थांबायचं नाही. तिथून सरळ पुढे."

हे शेवटचं वाक्य बाईंनी ऐकलंच नाही. त्या वाकून नवऱ्याच्या बुटाची नाडी घट्ट करत होत्या. तो म्हणत होता, "अगं, लोक बघतायत."

दुपारी धुकं आलं, आणि त्याच्या पाठोपाठ गारा. रांग लांबत गेली. बाई सगळ्यांत शेवटी. तीन-चार वळणांवर लाल ठिगळ त्यांची वाट बघत उभं होतं, त्या हात ठेवायच्या, तो न वळता म्हणायचा, "आलीस? चल." तेवढ्यावर त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

मग एका चढावर त्यांच्या टोपीचा बंद तुटला. तो बांधेपर्यंत पुढचं कुणी दिसेना. त्या धावतच निघाल्या. एका पडक्या दगडी भिंतीपाशी वाट वळत होती, आणि वळणावर तो पाठमोरा उभा होता. गारांचा मारा असा होता की डोळे उघडवत नव्हते. बाईंनी हात पुढे करून त्याच्या खांद्यावर ठेवला.

तो निघाला. "चल" म्हणाला नाही.

दोन पावलं गेल्यावर बाईंच्या हाताने त्यांना काहीतरी सांगितलं. हातमोजा भिजून कातडीला चिकटला होता, त्यातून कापड नीट कळलं होतं. जाडजूड, मेण चोपडलेलं, काळाने कडक झालेलं कापड. असं कापड त्यांच्या दुकानात कधी आलं नव्हतं. आणि त्यावर ठिगळ नव्हतं.

"अहो..." त्यांनी हाक मारली.

पुढे पांढऱ्या गारांचा थर पडला होता. त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. हवेत ओल्या मातीचा आणि मेणाचा वास तेवढा राहिला होता.

पुढच्या वळणावर नवरा नव्हता. त्याच्या पुढच्या वळणावरही नव्हता. बाई रडत, ठेचकाळत मुक्कामाच्या खोपीपर्यंत पोचल्या, तर हे महाशय शेगडीपाशी चहा पीत बसलेले!

"थांबला का नाहीत?" त्या ओरडल्याच.

"भिंतीच्या पुढच्या वळणावर थांबलो होतो की. तू खांद्यावर हात ठेवलास, मग निघालो. केवढा गार हात होता तुझा! मला वाटलं, मागेच आहेस."

वाटाड्याच्या हातातला कप तसाच राहिला. "ताई... भिंतीपाशी तुम्ही कुणाला हात लावलात का?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली. त्याने कप खाली ठेवला.

"माझ्या वडिलांच्या वेळची गोष्ट. रांगेतला शेवटचा माणूस गारांना घाबरून आडवाटेने खाली उतरला, कुणाला न सांगता. त्याच्या पुढचा त्या भिंतीपाशी वाट बघत राहिला. नियम होता ना... सकाळी उभाच सापडला." त्याने नवऱ्याकडे पाहिलं, आणि आपलं स्टूल हळूच बाजूला सरकवला. "इतकी वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता."

ते सुखरूप घरी आले. घर वर, दुकान खाली, मधे वळणाचा जिना. पहिल्याच संध्याकाळी नवरा जिन्याच्या वळणावर भिंतीकडे तोंड करून थांबला.

"काय हे? चला ना वर!"

"तू हात लाव, मग निघतो," तो साधेपणाने म्हणाला.

बाई आधी हसल्या. मग चिडल्या. मग डॉक्टरकडे गेल्या. ते म्हणाले, थकवा आहे, होईल बरं. झालं नाही. शेवटी त्यांनी अंगवळणी पाडून घेतलं. तो कामावरून आला की हातातलं टाकून जायचं, खांद्यावर हात ठेवायचा. "आलीस? चल," तो म्हणायचा. एरवी माणूस अगदी पूर्वीसारखा होता. आणि होता, हेच त्यांना पुष्कळ वाटायचं.

एके संध्याकाळी बाहेर वारा सुटला होता. शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता, आणि बाईंची शिवण अर्ध्यावर होती. दार वाजलं. ओळखीची पावलं जिना चढली आणि वळणावर थांबली.

"आले हं! एवढी शिवण संपवते."

त्यांनी मशीन पुन्हा चालू केलं. तेवढ्यात दुकानात ओल्या मातीचा वास पसरला. त्यात मेणाचाही होता.

"अहो..." बाईंनी जिन्याकडे मान वळवली. "अहो, थांबा..."

वळणावरून नवऱ्याचा आवाज आला. नेहमीसारखा, समाधानी.

"आलीस? चल."

पावलं वर चढू लागली. बाईंचे दोन्ही हात अजून मशीनवरच होते.