सत्ताविसावं पान

आता जे सांगतो ते कुणा लांबच्याचं नाही पोरांनो, रोजच्या उठण्याबसण्यातल्या माणसाचं आहे. धंद्यानं बाइंडर. बोटं कायम खळीनं चिकट. अक्षरओळख म्हणाल तर दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरती. पण पुस्तक नुसतं हातात तोललं की ते कुठल्या टाक्यापाशी सुटणार, हे डोळे मिटून सांगायचा.

त्या गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला तो नेहमीसारखा लायब्ररीत गेला. नवी पुस्तकं आली की लायब्ररीवाले अण्णा ती आधी त्याच्याकडे द्यायचे. जाड पुठ्ठ्यात बांधून आली की मगच कपाटात. म्हणजे नव्या पुस्तकाला पहिला हात बाइंडरचा. हे नीट ध्यानात ठेवा.

त्याच्या बायकोला वाचनाचं भारी वेड. त्यातून रहस्यकथा. लेखकांची नावं तिच्या लक्षात राहायची नाहीत. ती म्हणायची, "लंगड्या वकिलाचा लेखक काय लिहितो हो! आणि ती बोटीवरच्या खुनांवाली बाई, तिची दहा पानं वाचली की झोप उडते." बाइंडर मान हलवायचा. त्याला वकीलही ठाऊक नव्हता आणि बोटही.

आता लायब्ररीत वाचणाऱ्यांची एक खोड असते. पुस्तक वाचून झालं की एका ठरावीक पानावर पेन्सिलीनं बारीकशी खूण करायची, म्हणजे तेच पुस्तक चुकून परत घरी येत नाही. बायकोची खूण सत्ताविसाव्या पानावर, पाच पाकळ्यांचं फूल. एकदा बाइंडरनं फाटकं पुस्तक शिवायला घेतलं, तर त्याच पानावर फुलाच्या शेजारी एक छत्री दिसली. दुसरं पुस्तक उघडलं. छत्री. तिसरं... छत्री.

"ही कुणाची गं?"

"कुणास ठाऊक!" बायको हसली. "पण आवड अगदी माझीच. छत्री असली की पुस्तक डोळे झाकून आणायचं. सहा वर्षांत एकदाही फसले नाही."

डोळे झाकून! बावीस वर्षांच्या संसारात बाइंडरनं आणलेली एकही साडी तिनं डोळे झाकून नेसली नव्हती.

मग त्यानं स्वतः एक पुस्तक निवडून आणलं. "हे वाच. झकास आहे म्हणे." तिनं सत्ताविसावं पान उघडलं, छत्री नाही म्हणून पुस्तक हळूच बाजूला ठेवलं. पुढच्या खेपेला त्यानं छत्री आपल्या हातानं काढली. बायकोनं पान दिव्याजवळ नेलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"अहो, मूठ उलट्या बाजूला काढलीत! त्याची अशी नसते."

'त्याची.' हा एक शब्द बाइंडरच्या मनात कुसळासारखा रुतून बसला.

म्हणून त्या गुरुवारी त्यानं अण्णांना गाठलं. आधी त्याचा संशय अण्णांवरच होता.

"मी?" अण्णांनी टकलावरून हात फिरवला. "अरे, ही पुस्तकं वाचून केस उभे राहतात म्हणतात. माझे आहेत कुठे उभे राहायला? छत्री त्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची. सगळं रहस्यकथांचं कपाट वाचून काढलं होतं बिचाऱ्यानं. जाऊन बारा वर्षं झाली."

"जाऊन... म्हणजे?"

"म्हणजे वर. आणखी कुठं?"

बाइंडर शीळ घालत घरी आला. मेलेल्या माणसाचा कसला हेवा करायचा! डोक्यावरचं ओझं उतरलं. पिशवीत लंगड्या वकिलाचं नवं कोरं पुस्तक होतं. आपण बांधू, आपल्या हातानं तिला देऊ. यात कसली आलीय छत्री!

रात्री साडेअकरा वाजले. बायको केव्हाच झोपली होती. अमावस्या वगैरे काही नव्हती हं, चांगलं टिपूर चांदणं पडलं होतं. बाइंडर मागच्या खोलीत कामाला बसला. छापखान्यातून पुस्तकाच्या कडा कापायच्या राहून गेल्या होत्या. पानं पाकिटासारखी बंद. त्यानं सुरी घातली आणि एकेक घडी उकलत गेला. सत्ताविसावं पान सुटलं.

पानावर छत्री होती.

त्यानं बोट लावलं. बोट काळं झालं.

बारा वर्षं... आणि हे पुस्तक या महिन्यात छापलेलं.

दुसरा असता तर ओरडत पळाला असता. पण हेवा भीतीपेक्षा हट्टी. बाइंडरनं खोडरबर घेतलं आणि छत्री खोडली. पार नाहीशी केली. त्या जागी आपली खूण काढली, एक सुई आणि तिच्यात ओवलेला दोरा. "आता बघू," तो पुटपुटला. पुस्तक बांधलं, पुस्तकं दाबून ठेवायच्या लोखंडी शिकंज्यात घातलं आणि चाक पिळलं. एवढं घट्ट की आत सुईचं टोकही शिरू नये. दिवा घालवला. बायकोशेजारी येऊन पडला.

डोळा लागत होता, तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला.

पान उलटल्याचा.

उंदीर असेल. तो कूस बदलणार, इतक्यात पुन्हा. मधे बरोबर एक पान वाचायला लागतो तेवढा वेळ. घाई नाही. सावकाश. दाबलेल्या पुस्तकात... अंधारात...

तो मोजू लागला. सात. आठ. नऊ.

तेरा झाले आणि आवाज थांबला. तेराव्यांदा उलटलं की सत्ताविसावं पान समोर येतं. त्याला बरोबर माहीत होतं.

शांतता.

मग... खर्र. खर्र. खर्र.

खोडरबर.

त्याच्यानं उठवेना. त्यानं बायकोकडे तोंड वळवलं. खिडकीतून चांदणं तिच्या चेहऱ्यावर आलं होतं. डोळे मिटलेले. पण पापण्यांखाली बुबुळं हलत होती. डावीकडून उजवीकडे. पुन्हा डावीकडून उजवीकडे. ओळीमागून ओळ...

मागच्या खोलीत पान उलटलं. तिची बुबुळं वर गेली. पहिल्या ओळीवर.

"अगं..." तो कुजबुजला. "अगं, ऐक ना..."

डोळे न उघडताच ती म्हणाली, "थांबा हो जरा. थोडंच राहिलंय."

तो थांबला. दुसरं काय करणार? पहाटे पावणेपाचला शेवटचं पान उलटलं. तिनं सुस्कारा सोडला, गालाखाली हात घेतला आणि घोरू लागली.

सकाळी ती चहाचे कप घेऊन मागच्या खोलीत आली. बाइंडर शिकंज्यासमोर बसून होता. चाक जसंच्या तसं पिळलेलं.

"रात्री काय वाचत होतीस?" त्यानं विचारलं.

"मी? डोकं टेकलं ती झोपले. आणि तुमचे डोळे का असे लाल?"

त्यानं दोन्ही हातांनी चाक सोडवलं, पुस्तक काढलं आणि न उघडता तिच्या हातात दिलं. "हे घे," म्हणाला. "मी दिलंय. वाच." आवाजात असं काही होतं की बाई हसली नाही. सवयीनं तिनं सत्ताविसावं पान काढलं. क्षणभर बघितलं. मिटलं. परत त्याच्या मांडीवर ठेवलं.

"हे झालंय की माझं वाचून," ती म्हणाली आणि आपला कप उचलून गेली.

बाइंडरनं पान उघडलं. सुई नव्हती. दोरा नव्हता. छत्री होती, मूठ बरोबर 'त्याच्या' बाजूला. आणि पाच पाकळ्यांचं फूल होतं. इतकी वर्षं ते छत्रीच्या शेजारी असायचं, दोन बोटं अंतर राखून.

त्या दिवशी ते छत्रीखाली होतं.