निद्रितेचा ताप

संग्रहालय उघडून तास झाला होता आणि निद्रितेचा चौथरा रिकामा होता.

बाकी सारे जागच्या जागी होते: लाकडी मुखवटे, पितळी दिवे, वाकवलेल्या पोलादाच्या खुर्च्या, मुके झालेले रेडिओ. फक्त ती झोपलेली संगमरवरी मुलगी, खांद्यांपासून वर कोरलेली, साठ किलो वजनाची, नव्हती.

"मागच्या दाराशिवाय ती बाहेर जाणं शक्यच नाही," संचालिका म्हणाल्या. "पुढे पायऱ्या आहेत, ढकलगाडी उतरत नाही. मागची किल्ली फक्त मामांकडे. आणि आजच दुपारी दगडाचे जाणकार तिला तपासायला येणार होते!"

मामा म्हणजे रखवालदार. एकतीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला अकरा दिवस. किल्ली मुठीत आवळून ते तपास अधिकारी बाईंसमोर उभे होते. चोर ठरले, तर ती एकतीस वर्षे धुळीला मिळणार होती.

"किल्ली आधी काढून घ्या," मूर्तींची डागडुजी करणारा म्हणाला. त्याला सगळे डॉक्टर म्हणत. "हवं तर मी सांभाळतो."

बाईंनी तिकडे पाहिलेही नाही. "मामा, काल काही वेगळं घडलं?"

"नाही बाई. संध्याकाळी डॉक्टर साच्यांचं पोतं खांद्यावर टाकून गेले. पुढचं दार मीच धरलं."

"कचरा होता तो," डॉक्टर म्हणाला.

"आणखी?"

"दुपारी मास्तर आले होते. गाणं शिकवतात, डोळ्यांनी दिसत नाही. त्यांना एकट्यांना मूर्तीला हात लावायची परवानगी आहे. म्हणाले, 'मामा, पोरीला ताप आलाय का हो?' मी म्हटलं, 'परवाच तर डॉक्टरांकडून आली. औषध लागू पडलेलं दिसत नाही!'"

बाई डॉक्टरकडे वळल्या.

"परवा कार्यशाळेतून तिला कोणी आणलं?"

"मी. एकट्यानं," डॉक्टर म्हणाला. "दुसऱ्याचा हात लागू देत नाही मी."

"नेताना मात्र तिघांना घाम फुटला होता," मामा पुटपुटले.

बाईंनी शेजारच्या संगमरवरी घोड्यावर तळवा टेकला. दगड हातातली ऊब पिऊ लागला. गारवा मनगटापर्यंत चढला. जणू फार जुने एखादे दुःख, अजून न विरलेले.

"दगडाला ताप येत नाही, डॉक्टर. फायबरला हात लावला तर तो गार लागत नाही, एवढंच. परवा तुम्ही चौथऱ्यावर ठेवलीत ती पोकळ नक्कल. म्हणूनच एकट्याला पेलली. जाणकारांनी ती ओळखलीच असती, म्हणून काल पोत्यात घालून नाहीशी केलीत."

"मग खरी कुठंय?" संचालिकांचा आवाज चिरकला.

"इथंच. साठ किलोंना मागचंच दार लागतं, आणि ते मामा उघडत नाहीत. मामा चोर ठरले की किल्ली डॉक्टरांकडे. आत्ता मागितलीच की त्यांनी! मघाशी मी इथल्या कार्यशाळेत डोकावले. ओल्या मातीचा म्हणून एक गोळा झाकून ठेवलाय. ओल्या मातीवर फडकं ओलंच ठेवतात, हे मात्र कोरडं ठणठणीत आहे."

डॉक्टर मटकन मागच्या खुर्चीत बसला.

"उठा," मामा म्हणाले. एकतीस वर्षांच्या सवयीने. "प्रदर्शनातल्या खुर्चीत बसायला मनाई आहे."

फडक्याखाली ती झोपली होती.

दुपारी मास्तर आले. त्यांनी तिच्या कपाळावर बोटे ठेवली, बराच वेळ.

"उतरला हो, मामा."

तेव्हा कुठे मामांनी मूठ उघडली. किल्लीचे दात तळव्यात खोल उमटले होते.