हसण्याचा शॉट

मंगळवारी सकाळी सव्वाआठला मी माझ्या मुलीचा, काजलचा, डबा भरत होतो तेव्हा मुंबईहून फोन आला. पुष्कर बोलत होता. रोशनीच्या मालिकेचा तो सहायक दिग्दर्शक. त्यानं आधी विचारलं, घरात मोठं कुणी आहे का. मी म्हटलं, मीच आहे. मग तो म्हणाला, रोशनीताई सकाळी उठल्याच नाहीत. डॉक्टर येऊन गेले, झोपेतच हृदय बंद पडलं असं म्हणाले.

मी डब्याचं झाकण लावलं. काजल बूट घालून दारात उभी होती. तिला मी त्या दिवशी शाळेत पाठवलं. का पाठवलं ते मला अजून सांगता येत नाही.

रोशनी, माझी बायको, नागपूरजवळच्या खाप्याची. जयंतीच्या कार्यक्रमात नाटकं करता करता नागपूरला आली, दोन हिवाळे झाडीपट्टीच्या नाटकांत काम केलं. एकतिसाव्या वर्षी तिला मालिका मिळाली. मधल्या सुनेची भूमिका. चार वर्षं ती महिन्यातले वीस दिवस मुंबईत आणि दहा दिवस नागपुरात बेसाच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायची. इतवारीच्या बाजारात साडी घ्यायला गेलो की बायका तिला अडवून रागवायच्या, तू त्या सासूले उलटून काहून बोलत नाहीस? ती हसायची. हसली की तिच्या वरच्या हिरड्या दिसायच्या. दिग्दर्शक तिला सांगायचा, जरा कमी हसा.

मी वीजमीटर तपासण्याच्या नोकरीत आहे. मोजल्याशिवाय सही करत नाही. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात अंगारा नाही, भूतपिशाच्च नाही. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवा.

पुण्यानुमोदनाच्या विधीला पुष्कर तिची बॅग घेऊन आला. सोबत चंदनाचा हार घातलेली एक मोठी तसबीर होती. मालिकेत मधल्या सुनेला मारायचं ठरलं होतं, त्यानंतर भिंतीवर लावायला ती तसबीर केली होती. आता सेटवर ती लावायची कुणाची हिंमत होत नव्हती. फोटोतली रोशनी ओठ मिटून समोर बघत होती.

भंतेजी गेल्यावर पुष्करनं मला गॅलरीत नेलं. त्यांच्या धंद्यात एक रीत आहे. कलाकारानं मरणाचा सीन केला की त्याला तसंच उठू देत नाहीत. कॅमेरा त्याच्या तोंडावर ठेवतात, तो कॅमेऱ्यात बघून हसतो, मग कट म्हणतात, मग तो उठतो. सोमवारी रोशनीचा मरणाचा सीन सगळ्यात शेवटी झाला होता. शिफ्ट संपली होती. पुष्करनं हसायला सांगितलं तर ती म्हणाली, उद्या घे रे, आज हसू येऊन नाही राहिलं. त्यानं तो शॉट मंगळवारच्या यादीत लिहिला.

मी त्याला पाणी दिलं. म्हटलं, मनाला लावून घेऊ नका, हृदय काही हसण्यावर चालत नाही. तो रडला आणि संध्याकाळच्या विमानानं गेला.

तसबीर माझ्या आईनं हॉलमध्ये लावली. काजल सात वर्षांची. तिनं हार काढायला लावला.

तसबीर लावल्यावर पाचव्या दिवशी काच पुसताना मला रोशनीच्या ओठांमध्ये एक बारीक पांढरी रेघ दिसली. वाटलं, उजेडाचं असेल. दुसऱ्या दिवशी रेघ दातांची होती. मी स्टीलची पट्टी आणली आणि काचेवर धरून तोंडाची रुंदी मोजली. एक्केचाळीस मिलिमीटर. पुढच्या सकाळी त्याच जागी, त्याच उजेडात, चव्वेचाळीस. त्याच्या पुढच्या सकाळी अठ्ठेचाळीस. कागद मागून सुटून ताणला असेल म्हणून डोळ्यांमधलं अंतर मोजलं. ते तेवढंच होतं.

त्याच आठवड्यात आई स्वयंपाकघरातून हळू आवाजात म्हणाली, "पोरगी हसत नाही गा, नागसेन. मी गुदगुल्या केल्या, तर माह्याकडे नुसती पाहत राहिली."

"आई गेली तिची. वेळ लागेल."

"रडतही नाही. तिचं तोंडच हलत नाही."

डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि धक्का आहे म्हणाले. मग तिला सकाळी उठायला उशीर व्हायला लागला. हाका मारल्या, हलवलं, तोंडावर पाणी मारलं. गुरुवारी दहा मिनिटं लागली, शुक्रवारी बावीस. श्वास चालू असायचा, पण लांब लांब. मी शेजारी बसून घड्याळ बघायचो आणि पुष्करचं फोनवरचं वाक्य आठवायचो.

शुक्रवारी संध्याकाळी मी तसबीर काढून कपाटात उलटी ठेवली. शनिवारी काजल पन्नास मिनिटं उठली नाही. मी तसबीर परत लावली. रोशनीच्या हिरड्या दिसायला लागल्या होत्या. पट्टी लावायला हात धजला नाही.

मी पुष्करला फोन केला. आकडे सांगितले. त्यानं ते लिहून घेतले. मग म्हणाला, "शॉट घेऊन टाका, दादा. मोबाइल चालेल. ॲक्शन म्हणा. त्या हसतील. मग कट म्हणा."

"आणि कट नाही म्हटलं तर?"

"तसं करायचं नाही. कट म्हटलं की कलाकार मोकळा होतो. उठून जातो. सोबत जे जे थांबलेलं असतं, तेही सुटतं."

आज रविवार. आई सकाळी विहारात गेली. काजल सातपासून उठत नव्हती. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. तिचे ओठ निळसर दिसायला लागले.

मी मोबाइल स्टँडवर लावला, तसबिरीसमोर ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

ॲक्शन म्हणताना मला लाज वाटली.

भिंतीवर काहीच झालं नाही. तोच कागद, तीच काच, काचेत खिडकी.

मी स्क्रीनकडे पाहिलं.

स्क्रीनवर रोशनीनं श्वास घेतला. गळ्याखालची शीर हलली. ती आधी इकडेतिकडे बघत होती, सेटवर माणूस शोधावा तसं. मग तिला मी दिसलो.

ती हसली.

तिचंच हसणं. पूर्ण, हिरड्यांपर्यंत. साडीच्या दुकानातलं.

आतल्या खोलीत काजल हसली.

मी धावत गेलो. ती पलंगावर उठून बसली होती. गालांवर रंग आला होता, डोळे उघडे होते. मी तिला उचलून हॉलमध्ये आणलं आणि छातीशी धरलं. मग तिच्याकडे नीट पाहिलं.

तेवढंच रुंद तोंड. तशाच हिरड्या.

सव्वादहा वाजले होते. आता बारा वाजायला आले आहेत. मोबाइलला चार्जर लावला आहे. स्क्रीनवर रोशनी माझ्याकडे बघते आहे. मी उजवीकडे सरकलो की तिची नजर उजवीकडे येते. चार वर्षांत ती एवढा वेळ सलग माझ्यासमोर बसली नव्हती.

काजल माझ्या मांडीवर आहे. तिचे गाल थरथरतात. डोळ्यांतून पाणी येतं आहे. तसंच हसत्या तोंडानं ती मघाशी म्हणाली, "बाबा, दुखून राहिलं."

मी तिला म्हटलं, थांब, थोडं थांब.

एकच शब्द आहे. मी तो अजून म्हटलेला नाही.