सुटीची चिठ्ठी

शाखा साडेदहाला उघडे, पण भिंतीवरचा नकाशा त्याआधीच उजळलेला असे. इचलकरंजीतली प्रत्येक गल्ली त्यावर एक रेघ होती आणि बँकेच्या कर्जावर घेतलेली प्रत्येक वस्तू एक ठिपका. स्कूटर, फ्रीज, शिलाई मशीन, घरघंटी. हप्ते वेळेवर येत असले की ठिपका हिरवा, लांबले की पिवळा. लाल झाला की ती वस्तू घरच्या घरी बंद पडे. हे करणारा तुकडा कारखान्यातच वस्तूत बसवलेला असे, त्याला दूरकुलूप म्हणत. पूर्वी जप्तीला दोन शिपाई, पंच आणि एक टेंपो लागायचा. गल्ली गोळा व्हायची. आता शेजारणीलाही पत्ता लागत नसे.

नकाशा रंगवणाऱ्या प्रणालीचं नाव होतं थकवेध. कुणाचे हप्ते थकणार हे ती दोन महिने आधी सांगे. त्या वर्षी कापडाची मागणी बसली, माग तीन पाळ्यांवरून एका पाळीवर आले, आणि पिवळे ठिपके थकवेधनं सांगितले होते तसेच, जवळजवळ त्याच क्रमानं, गावभर पसरले.

कायद्याची एक अट मात्र होती. कुलूप लावण्याआधी एका माणसानं जाऊन बघायचं आणि नोंद करून सही करायची. तरुणांना हे काम नको होतं, म्हणून बँकेनं निवृत्तांना परत बोलावलं. कुमुदिनी मगदूम त्यांपैकी एक. वय एकाहत्तर, पूर्वीच्या वसुली कारकून.

"मॅडम, हे बघा," शाखाधिकारी अभिनंदन चौगुले म्हणाला. कांडी गल्लीतले अकरा ठिपके त्यानं मोठे केले. "पाच महिने झाले. दर महिन्याला बरोब्बर तीन हप्ते चुकतात. कधी चार नाहीत, कधी दोन नाहीत. आणि प्रत्येक वेळी वेगळ्या घरचे."

"तीन हप्ते कुणाचे थकलेत का?"

"कुणाचेच नाहीत. तीन झाले की खातं थकीत ठरतं, त्याच्या आत सगळे आहेत. पण थकवेधच्या मते हे संगनमत आहे. बाकी गाव एकेक करून थकतंय. ही अकरा एकदम थकतील, दोन महिन्यांनी. त्याआधी अकराही घरच्या वस्तूंना कुलूप लावा म्हणतोय."

कुमुदिनीबाईंनी पैसे भरायच्या चिठ्ठीच्या पाठीवर पेन्सिलीनं मांडून पाहिलं. अकरा घरं, प्रत्येकी दोन चुका चालतात, म्हणजे बावीस. पंधरा झाल्या. उरल्या सात, आणि महिन्याला तीन जातात. यंत्राचा हिशेब बरोबर होता.

कांडी गल्लीत पूर्वी घरोघरी बायका मागाच्या कांड्यांवर सूत भरत बसायच्या. बोलायचं तर मागांच्या खडखडाटावरून ओरडून बोलावं लागे. आता हळू बोललेलंही ऐकू येत होतं. सुगंधा कोष्टीची घरघंटी तेवढी चालू होती, आणि तिच्या भुवयांवर पीठ बसलं होतं.

"बँकेच्या बाई न्हवं तुम्ही? बसा की. ह्यांचं काम सुटलंय, पर गल्लीचं दळण हाय म्हणून चूल चालतीया."

"हप्ता गेल्या महिन्यात आला नाही तुझा."

"गेल्या महिन्यात माझी सुटी होती."

शेजारची रुक्साना मोमीन शिलाई मशीन थांबवून दारात आली. "सांगून टाक की. बाईंना कळल्याबिगर ऱ्हातंय होय?"

सुगंधानं फळीवरून पावडरचा रिकामा डबा काढला. आत अकरा चिठ्ठ्या होत्या. मंदीच्या आधी त्या अकराजणींची साधी भिशी होती. जिची चिठ्ठी निघेल तिला सगळी रक्कम. आता त्यांनी ती उलटी केली होती. जिच्या घरी जे येईल ते एकत्र टाकायचं. त्यातून आठ हप्ते निघत. मग तीन चिठ्ठ्या उचलायच्या, त्या तिघींना त्या महिन्याची सुटी. सगळ्यांची पाळी झाल्याशिवाय कुणाला दुसरी नाही.

"आणि दोन महिन्यांनी?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"तवर माग चालू व्हतील की."

"नाही झाले तर?"

सुगंधानं डबा हलवला. "तुमची टाकू का बारावी चिठ्ठी?"

"बाईंना कसली सुटी देतीस?" रुक्साना हसली. "त्यांच्यावर कर्ज कुठं हाय? त्यांनी नुसतं भरायचं."

कुमुदिनीबाईही हसल्या. चहा घेऊन निघाल्या.

परतताना त्यांना मागची मंदी आठवली. चौतीस वर्षं झाली असतील. तेव्हाही एका गल्लीत बायका एकमेकींचे हप्ते भरत होत्या, आणि तरुण कुमुदिनीनं कौतुकानं ते साहेबांना सांगितलं होतं. साहेब खूश झाले. पुढच्या महिन्यात बँकेनं त्याच बायकांच्या जामीनपत्रांवर सह्या घेतल्या. एक घर बुडालं तेव्हा बाकीच्या चार घरांवर नोटिसा गेल्या. त्या संक्रांतीला त्या गल्लीत कुणी कुणाच्या हळदी-कुंकवाला गेलं नाही. पुढं माग सुरू झाले, थकबाकी फिटली. गल्ली पुन्हा बोलू लागल्याचं मात्र त्यांच्या ऐकिवात आलं नाही.

"मिळालं कारण?" अभिनंदननं विचारलं. "सविस्तर लिहा हं. तुम्ही लिहाल ते थकवेध शिकतो. अशी जोडलेली घरं मग तो गावभर शोधेल. सगळ्या शाखांतून."

"शोधून काय करेल?"

"एकमेकांना जामीन धरेल. सही लागत नाही आता. व्यवहारावरून जामीन."

पडद्यावर प्रश्न होता: या अकरा खातेदारांचं एकमेकांशी नातं काय? खाली पर्याय होते. रक्ताचं. लग्नाचं. व्यवसायाचं. जामिनाचं. काही नाही.

कुमुदिनीबाईंनी चष्मा पुसला आणि शेवटच्या पर्यायावर बोट ठेवलं. खाली सही केली.

नातं नाही म्हणजे संगनमतही नाही. थकवेधनं अकरा खाती वेगवेगळी तपासली. एकातही तीन हप्ते थकलेले नव्हते. कुलुपाची शिफारस मागं गेली.

"मॅडम," अभिनंदन हळूच म्हणाला, "काहीच नाही?"

"साहेब, तुम्ही गेला होता का बघायला?"

"नाही."

"मग सही माझी आहे."

पुढच्या महिन्यात कांडी गल्लीतून दहा हप्ते आले. त्याच्या पुढच्या महिन्यातही दहा. महिन्याला एकच चूक. उरलेल्या सात चुका आता दोनऐवजी सात महिने पुरणार होत्या. माग अजून एकाच पाळीवर होते, पण सुताच्या गाड्या नाक्यावर पुन्हा दिसू लागल्याचं लोक सांगत होते.

तिसऱ्या महिन्यात, सहा तारखेला, कुमुदिनीबाई कामावर आल्या तेव्हा अभिनंदन त्यांच्या टेबलाशी उभा होता. नकाशावर कांडी गल्लीचे अकरा ठिपके मोठे केलेले होते. गल्लीपासून दूर, त्यांच्या स्वतःच्या घराच्या जागी, बारावा ठिपका लुकलुकत होता. त्याच्यापासून अकरा बारीक रेघा निघाल्या होत्या.

"निवृत्तिवेतनाचं खातं आहे," अभिनंदन म्हणाला. "दर पाच तारखेला त्यातून रोख रक्कम निघते. दोन हप्त्यांइतकी. त्याच दुपारी गल्लीतून दहा हप्ते भरले जातात."

कुमुदिनीबाई खुर्चीत बसल्या.

"स्वतःच्या खात्याबद्दल तुम्हाला सही करता येत नाही. नियम आहे. बघायला मला जावं लागलं." त्यानं बाही झटकली. कोपराला पीठ लागलेलं होतं. "काल संध्याकाळी गेलो होतो. चहा घ्यायलाच लावला त्यांनी."

पडद्यावर तोच प्रश्न होता, फक्त आकडा बदललेला: या बारा खातेदारांचं एकमेकांशी नातं काय? खाली तेच पाच पर्याय.

अभिनंदननं खुर्ची ओढली, बसला, आणि बोट पर्यायांवर नेलं.

"मॅडम," त्यानं विचारलं, "काय लिहू?"