तिघांची नजर

मी तान्ह्या बाळांचे कान तपासते. बाळाला आईच्या मांडीवर बसवायचं, एका बाजूनं आवाज सोडायचा आणि मान वळते का ते बघायचं, हे माझं रोजचं काम. बाळ कशाकडे तरी बघतंय की नुसतंच बघतंय, हे मला चटकन कळतं.

आमच्या ठकूला पाचवा महिना लागला आणि आम्ही परदेशी सुट्टीला निघालो. टुमणं सासूबाईंचं. "एकदा पोरगी रांगायला लागली की तुमचं कुठलं जाणं होतंय!" विमान दुपारचं होतं. आम्हाला सगळ्यांत पुढची रांग मिळाली. समोर कोरी भिंत आणि तिला अडकवलेला बाळाचा पाळणा. पाळण्याची डोक्याकडची बाजू उंच होती, त्यामुळे ठकू आमच्याकडे तोंड करून, आरामखुर्चीत बसावं तशी पडली होती. बाजूच्या पाळण्यात लाल टोपी घातलेलं एक बाळ होतं. त्याच्या पलीकडे तिसरं, आईच्या खांद्यावर, तेही मागे तोंड करून.

विमान वर चढेपर्यंत ठकू माझ्या मांडीवर होती, पण जराही रडली नाही.

"नशीबवान आहेस," सासूबाई म्हणाल्या. "हिचा बाप एवढासा होता तेव्हा बसमध्येसुद्धा टाहो फोडायचा."

"आई, जरा मोठ्यानं सांग. मागच्यांना ऐकू नाही गेलं," नवरा म्हणाला.

जेवणं झाली, खिडक्यांचे पडदे खाली आले, लोक पेंगायला लागले. मी ठकूचं दुपटं सारखं करायला वाकले, तर ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या डोक्यावरून, आसनांमधल्या वाटेच्या पार शेवटी तिची नजर लागली होती. मी वळून बघितलं. वाट रिकामी होती. टोकाला एक निळा पडदा, तोही हलत नव्हता.

पर्समधला खुळखुळा काढून मी तिच्या कानाशी वाजवला. एरवी ती लगेच वळते. आज पापणीसुद्धा लवली नाही. दुसऱ्या कानाशी वाजवला, मग जरा जोरात. लाल टोपीवाल्या बाळाची आई माझ्याकडे बघून हसली. मीही हसले, आणि माझं लक्ष तिच्या बाळाकडे गेलं.

तेही तिकडेच बघत होतं. तिसरंही.

चकाकणारं काही असेल, मी स्वतःला समजावलं. एखाद्याचं घड्याळ, फटीतून आलेली उन्हाची तिरीप. उठून मागे जाऊन आले. काहीच नव्हतं. परत येऊन बसले तेव्हा तिन्ही बाळांच्या नजरा किंचित अलीकडे आल्या होत्या. मग आणखी थोड्या. एकाच वेळी, सारख्याच. कुणीतरी सावकाश चालत यावं, मधेच थांबावं, पुन्हा निघावं, तशा.

"अरे, बघ ना," मी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "तिघं मिळून कुणाला बघतायत?"

त्यानं एक डोळा उघडला. "हवाईसुंदरीला. पोरांना चांगली नजर आहे."

"वाटेत कुणीही नाहीये."

"मग झोप तू पण," असं म्हणून त्यानं कूस बदलली.

पण सासूबाई नीट बसल्या होत्या. त्यांनी तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. मागे मात्र एकदाही वळून बघितलं नाही.

"तिला उचलून घे," त्या हळूच म्हणाल्या.

"का हो, आई?"

"उचल म्हणते ना!"

मी उठणार, तोच ठकूची नजर माझ्या खांद्याजवळ आली. माझ्या उजव्या दंडाला कुणी घासून गेल्यासारखं झालं. माझे पाय आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस उभं राहील एवढी जागा होती. तिन्ही बाळं आता तिथे बघत होती, तिसरं आईच्या खांद्यावरून वळून. मान वर करून. उभ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघतात तशी.

ठकू हसली. बोळकं दाखवून, गळ्यातून आवाज काढत. तसं ती फक्त माझ्याकडे बघून हसायची.

मी झेप घेऊन तिला उचललं. ती अंगाशी आली, पण तिचा डावा हात आला नाही. तो हवेत, बाजूला ताणलेलाच राहिला.

विमान उतरेपर्यंत मी तिला छातीशी घट्ट धरून बसले. तो हात मी किती वेळा दुपट्यात घातला असेल. दर वेळी तो बाहेर आला.

विमानातून बाहेर पडून आम्ही काचेच्या लांबलचक बोळातून चालायला लागलो. स्वच्छ ऊन होतं, चहूकडे माणसं होती, बॅगांची चाकं खडखडत होती. नवऱ्यानं ठकूला झोळीत घेऊन छातीशी बांधलं होतं. थोडं चालल्यावर तो त्रासून म्हणाला, "अगं, ओढू नकोस ना तिला."

मी त्याच्या मागे होते. दोन्ही हातांत बॅगा होत्या.

मी पुढे गेले. ठकूचा हात खांद्यापासून ताठ, तिरका वर गेला होता. मूठ मिटलेली होती, पण पुरती नाही. बोटं आणि तळवा यांच्यामध्ये पोकळी दिसत होती. एका बोटाएवढी. तिच्यातून पलीकडचं ऊन दिसत होतं.

एक बॅग खाली ठेवून मी माझं बोट त्या पोकळीत घालायला गेले.

गेलं नाही.

तिथे काहीतरी होतं. कोमट होतं.

मी किंचाळले. दुसरी बॅग टाकली, तिचं मनगट धरलं आणि जीव खाऊन खेचलं. मूठ सुटली. ठकूनं भोकाड पसरलं, त्या दिवसातलं पहिलं. नवरा पांढराफटक पडला होता. खेच त्यालाही जाणवली होती, माझ्या उलट दिशेनं. सासूबाईंनी ठकूला त्याच्याकडून घेतलं आणि तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं. तरी ती मान उंचावून रडत होती, आमच्या पुढे कुठेतरी बघत. कुणी सोडून गेलं की त्याच्या पाठीकडे बघत रडतात तशी.

पुढे लिफ्टपाशी लाल टोपीवालं बाळ बाबागाडीत होतं. त्याचा हात हळूच वर उचलला गेला. आईनं तो प्रेमानं दुपट्यात घातला.

"अहो!" मी ओरडले. "अहो, थांबा!"

तिनं वळून बघितलं, ओळखीचं हसली आणि बाबागाडी आत ढकलली. लिफ्टचं दार मिटत होतं. हात पुन्हा बाहेर आला होता.